उन्हाळ्यातील परसबाग

थंड प्रदेशांत भाजीपाल्याचा हंगाम हिमामुळे संपतो. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत तो उन्हामुळे संपतो. लडाखमध्ये पारदर्शक आच्छादनाची हरितगृहे उभारून हिवाळ्यातही पालेभाजी पिकविली जाते. तेथे ऊब साठवितात. आपल्याला ऊन अडवून ओल राखावी लागते.

निवासी शाळेच्या स्वयंपाकघराला या प्रश्नाची झळ थेट बसते. मार्चनंतर मेथी, पालक आणि सांबार फुलावर येतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. जूनअखेर शाळा उघडते, तेव्हा वाफे रिकामे असतात आणि पावसाळी भाजी हाती येईपर्यंत मुलांच्या ताटात डाळ-बटाटाच उरतो. ही पोकळी दोन्ही बाजूंनी कमी करता येते.

फेब्रुवारीच्या आरंभी भेंडी, गवार, चवळी, काकडी व ढेमसे लावावीत. ती उष्णता सोसतात. पालेभाजीच्या वाफ्यावर ५० टक्के सावली देणारी हिरवी जाळी किंवा डहाळ्यांचा मांडव घालावा. दुपारनंतरचे ऊन अधिक जाळते, म्हणून पश्चिमेस बांबूचा तट्टा उभारावा. रोपांभोवती धानाचे तणस चार बोटे जाड पसरल्यास माती तापत नाही व ओल टिकते. वेलांजवळ मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरावे. त्यातून पाणी मुळांशी हळूहळू पाझरते. टोमॅटोचा मात्र हट्ट धरू नये. कडक उन्हाळ्यात त्याची फुले गळतात.

दुसरी तयारी पावसाळ्याची. मे महिन्यात सावलीत वांगी व मिरचीची रोपे तयार केल्यास पहिल्या समाधानकारक पावसाबरोबर ती लावता येतात. मेअखेर पेरलेला माठ २५ ते ३० दिवसांत खुडण्याजोगा होतो, म्हणजे शाळा उघडताना तो ताटात येऊ शकतो. कुंपणाला शेवगा असावा. त्याचा पालाही उत्तम भाजी आहे.

खरी अडचण सुटीची आहे. त्या दिवसांत वसतिगृहात मुले नसतात आणि चार दिवस पाणी चुकले तर कोवळी रोपे जळून जातात. जाळी विकत मिळते, नित्याची निगा मात्र माणसांनीच राखावी लागते. म्हणून शाळेजवळ राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी मे-जूनमधील पाण्याच्या पाळ्या वाटून घ्याव्यात, अशी आमची विनंती आहे. आपण दिलेली एक पाळी मुलांच्या पहिल्या आठवड्याच्या जेवणात भाजी होऊन उतरेल.