गायतोंड्यांच्या चित्रांत उजेड येतो कुठून?

वासुदेव गायतोंडे यांच्या सत्तरच्या दशकातल्या एखाद्या उभ्या कॅनव्हाससमोर थांबून पाहा. आधी नुसता रंग दिसतो. डोळे सरावले की त्याच रंगाच्या तळातून उजेड वर येऊ लागतो. चित्रात दिवा नाही, सूर्य नाही, माणूसही नाही. मग हा उजेड कुठला?

त्याचं रहस्य थरांत आहे. गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने तैलरंग लावत. पातळ थर पसरायचा, सुरीने खरवडायचा, त्यावर पुन्हा थर. ओल्या रंगावर फाटक्या कागदाचे तुकडे दाबून उचलले की काही रंग कागदाबरोबर निघून येतो आणि खालचा थर डोकावतो. प्रकाश या अर्धपारदर्शक थरांतून आत शिरतो, खालच्या फिकट रंगावरून परततो आणि वाटेतल्या रंगांत न्हाऊन आपल्यापर्यंत पोचतो. रंग आतून तेवतो तो असा!

हे एका दिवसात साधलेलं नाही. १९२४ साली नागपुरात जन्मलेला, मूळ गोव्याच्या घराण्यातला हा मुलगा गिरगावात वाढला आणि १९४८ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पदविका घेऊन बाहेर पडला. सुरुवातीच्या चित्रांत माणसं आहेत, भारतीय लघुचित्रांतले सपाट, तेजस्वी रंग आहेत. पुढे पॉल क्लेची चित्रं भावली आणि रेषा मोकळी झाली. पन्नासचं दशक सरता सरता आकृत्या रंगात विरून गेल्या. १९६४ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. दशकाच्या अखेरीस आडवा कॅनव्हास सुटला, उभा आला, आणि क्षितिजाची उरलीसुरली आठवणही पुसली गेली.

१९७२ नंतर मुक्काम दिल्लीत. झेन विचारांची ओढ जुनीच होती. वर्षाकाठी मोजकीच चित्रं व्हायची, कारण बराचसा वेळ विचारात जायचा. १९८४ साली त्यांना अपघात झाला; त्यानंतर मोठे कॅनव्हास काही वर्षं थांबले, तेव्हा त्यांनी छोट्या कागदांवर रेखाटनं केली. २००१ साली ते गेले. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयाने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं.

प्रत्येक टप्प्यावर त्यांनी काहीतरी सोडलं आणि दर वेळी चित्र अधिक भरलेलं झालं, याचं मला अपार नवल वाटतं. मोबाइलच्या पडद्यावर हे थर सपाट होतात. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रहात त्यांची चित्रं आहेत. संधी मिळाली तर मूळ चित्रच पाहा, आणि लगेच पुढे सरकू नका.