संध्याकाळचा चहा आणि रात्रीची झोप

झोप लागत नाही म्हणून उशी बदलण्याआधी संध्याकाळचा चहा आठवा. आपण जसजसे जागे राहतो तसतसं मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं. डोळे जड होतात ते बऱ्याच अंशी त्यामुळेच. चहा-कॉफीतलं कॅफिन नेमकी त्याचीच जागा अडवून बसतं. झोपेची गरज तशीच राहते, फक्त जाणवत नाही. शिवाय कॅफिन निम्मं व्हायलाच साधारण ५ तास लागतात. म्हणजे सहाच्या चहातलं निम्मं कॅफिन रात्री अकराला अंगात असतंच! गरोदरपणात तर आणखी जास्त वेळ. सकाळचा चहा खुशाल घ्या, तोही गॅलरीत उभं राहून. सकाळच्या उजेडाने शरीराचं घड्याळ जुळतं. दुपारी तीननंतरचा कप मात्र आठवडाभर बंद ठेवा आणि काय फरक पडला ते नक्की कळवा.