जनरेटर सुरू होईना? प्लगला दोष देण्याआधी

महिनोन्‌महिने पडून असलेला पेट्रोल जनरेटर सुरू होईना, की लोक आधी प्लग बदलतात. माझ्या मते पहिला संशय कार्ब्युरेटरवर घ्यावा. चोक लावल्यावर इंजिन चालतं आणि चोक काढताच बंद पडतं, म्हणजे ठिणगी पडतेय. पेट्रोल कमी पोचतंय. कार्ब्युरेटरच्या बाऊलमधलं जुनं पेट्रोल उडून जातं आणि मागे राहिलेला चिकट थर जेटचं बारीक भोक बुजवतो. त्यात आपलं इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतली ओल शोषतं. कुणी म्हणेल, प्लग स्वस्त, बदलून बघायला काय जातं? काही नाही; पण बऱ्याच वेळा दोरी ओढूनही प्लग कोरडाच निघाला, तर पेट्रोल आत येतच नाहीये. हो, ऑइलही बघा: पातळी उतरली की बऱ्याच मॉडेलांत सेन्सर ठिणगीच तोडतो, मग दोरी ओढून हात दुखले तरी उपयोग नाही.