मोऱ्यात टोचलेली लस

मुंबईत १८९६ मध्ये प्लेग पसरला. पुढच्याच वर्षी समुद्रापलीकडे, उरणजवळच्या मोरा गावात शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांची प्लेगची लस टोचली गेली. मांसाच्या अर्कात, वर तुपाचे थेंब सोडून, जंतू वाढवायचे आणि उष्णतेने मारायचे, ही त्यांची पद्धत. मेलेला जंतू वाढत नाही. पण त्याची ओळख पटून बी-पेशी प्रतिपिंडे घडवतात, काही पेशी ती ओळख जपून ठेवतात. याउलट गोवराच्या लशीतला विषाणू जिवंत पण दुबळा. तो शरीरात थोडा वाढतो, म्हणून मारक टी-पेशीही जाग्या होतात.

धनुर्वाताच्या लशीत मात्र जंतू नसतोच. असते त्याचे निष्प्रभ केलेले विष. कोळीवाड्यांत, जिथे हातापायाला जखमा नेहमीच्या, तिथे मला हीच लस सर्वांत मोलाची वाटते. तिचे संरक्षण वर्षांगणिक ओसरते. म्हणून मुलांचे १० व्या आणि १६ व्या वर्षीचे टीडीचे, म्हणजे धनुर्वात-घटसर्प लशीचे, डोस चुकवू नका.