लिनक्समधलं फोल्डर व्हर्च्युअल मशीनमध्ये

केव्हीएमवर व्हर्च्युअल मशीन चालवणारे अनेक जण दोन फायली आत पाठवायच्या म्हटल्या की पेन ड्राइव्ह जोडतात किंवा स्वतःलाच ईमेल करतात. याची खरंच गरज नाही. लिनक्स कर्नलमध्ये 5.4 या आवृत्तीपासून, म्हणजे 2019 पासून, मूळ यंत्रणेतलं फोल्डर थेट व्हर्च्युअल मशीनमध्ये दाखवणारं व्हर्टिओ-एफएस आहे.

त्याआधी 9पी हा प्रोटोकॉल वापरला जायचा. तो बेल लॅब्सच्या 'प्लॅन 9' प्रणालीतून आलेला, मुळात नेटवर्कसाठी घडवलेला. त्यामुळे हजारो लहान फायलींचा प्रकल्प उघडला की तो रेंगाळतो. व्हर्टिओ-एफएस मात्र होस्ट (मूळ यंत्रणा) आणि गेस्ट (आतली व्हर्च्युअल मशीन) एकाच यंत्रावर आहेत हे गृहीत धरूनच बांधलंय. फरक लगेच जाणवतो!

व्हर्ट-मॅनेजरमध्ये मशीन बंद करून आधी मेमरीच्या पानावर 'शेअर्ड मेमरी' चालू करायची. ही खूण करायची राहिली, तर मशीन सुरूच होत नाही. मग 'अ‍ॅड हार्डवेअर'मधून फाइलसिस्टिम जोडायची. तिथला 'टार्गेट पाथ' नावाला पाथ. प्रत्यक्षात ते फक्त एक लेबल असतं. गेस्टमध्ये माउंट करताना हेच लेबल द्यायचं, प्रकार म्हणून 'व्हर्टिओएफएस' लिहायचं.

परवानगी नाकारली गेली, तर दोन्हीकडचे यूजर आयडी तपासावेत. मालकी नावावर नव्हे, आकड्यावर ठरते. उबंटू आणि फेडोरात पहिल्या वापरकर्त्याला 1000 मिळतो, म्हणून तिथे सहसा जुळून जातं. गेस्ट विंडोज असेल, तर व्हर्टिओ ड्रायव्हरच्या जोडीला विनएफएसपीही टाकावं लागतं.