मांजराला कोरोना होतो का? एका विषयाचे चार प्रश्न

पेटची तयारी करणारे किंवा सिनॉप्सिस लिहायला बसलेले विद्यार्थी बहुतेक वेळा विषय सांगतात, प्रश्न सांगत नाहीत. 'मांजरांमधला कोरोना आणि सार्वजनिक आरोग्य' हा विषय झाला. त्याचे प्रश्न कसे पाडायचे आणि कोणत्या प्रश्नाला कोणता पुरावा लागतो, ते आज बघू.

आधी एक गोंधळ मिटवू. कोरोना हे एका विषाणूचं नाही, अख्ख्या कुटुंबाचं नाव आहे. मांजरांचा स्वतःचा कोरोना विषाणू कोविडच्या कितीतरी आधीपासून आहे. तो आतड्यात राहतो, बहुधा हलकी हगवण होऊन भागतं. थोड्या मांजरांत मात्र तो बदलतो आणि एफआयपी हा जीवघेणा आजार होतो. हा अल्फा गटातला विषाणू, माणसाला होत नाही. कोविडचा सार्स-कोव्ह-२ बीटा गटातला. पेपर वाचताना हे दोन वेगळे ठेवा.

पहिला प्रश्न : माणसाकडून मांजराला लागण होते का? होते. मार्च २०२० मध्ये बेल्जियम आणि हाँगकाँगमध्ये कोविड रुग्णांच्या घरची मांजरं पॉझिटिव्ह आली. चीनमधल्या हार्बिनच्या प्रयोगातून दिसलं, की हा विषाणू मांजरात चांगला वाढतो, कुत्र्यात फारसा नाही आणि कोंबडीत तर नाहीच. आता आठवा, त्याच सुमारास कोंबडीमुळे कोरोना होतो या अफवेने आपल्याकडचे पोल्ट्रीवाले बुडाले. शास्त्राचं उत्तर आलं तोवर नुकसान होऊन गेलं होतं.

दुसरा : मांजराकडून मांजराला? अमेरिकेत विस्कॉन्सिनला तीन मांजरांना विषाणू दिला आणि प्रत्येकासोबत एक निरोगी मांजर ठेवलं. तिन्ही निरोगी मांजरांना लागण झाली, पण लक्षणं एकातही दिसली नाहीत. म्हणजे तुम्ही फक्त आजारी मांजरं तपासली, तर लागण हातातून सुटणार. पण जोड्या तीनच होत्या आणि त्याही बंदिस्त जागेत, हेही वहीत लिहून ठेवा.

तिसरा : मांजराकडून माणसाला? ऑगस्ट २०२१, थायलंडमधलं सोंगखला. नाकातला नमुना घेताना मांजर पशुवैद्यक बाईंच्या तोंडावर शिंकलं. त्यांनी मास्क लावला होता, डोळ्यांवर काही नव्हतं. पुढे त्यांना कोविड झाला आणि मालक, मांजर व डॉक्टर यांच्या विषाणूंचा जनुकीय क्रम जुळला. यावरून असं घडू शकतं एवढं कळतं, वारंवार घडतं असं नाही. 'शक्य' आणि 'नेहमीचं' यांतला फरक व्हायवात हमखास विचारतात.

चौथा : विषाणू प्राण्यांत मुक्काम ठोकतो का? डेन्मार्कच्या मिंक फार्मवर तो पसरला, बदलला आणि माणसांत परत आला. म्हणून नोव्हेंबर २०२० मध्ये तिथल्या सरकारने देशातले सगळे मिंक मारायचा निर्णय घेतला. घरगुती मांजरांत असा साठा दिसलेला नाही.

मग अकोटच्या विद्यार्थ्याने यात काय शोधावं? फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती-अकोल्यात रुग्ण झपाट्याने वाढले. आपल्या उत्तरेला मेळघाट आहे. पोपटखेड-शहानूरकडची मांजरं दिवसा घरात, रात्री वावरात फिरतात, आणि त्याच पट्ट्यात रानमांजर नि बिबट्याही आहे. मे २०२१ मध्ये हैदराबादच्या प्राणी उद्यानात आठ सिंह पॉझिटिव्ह आले होते, म्हणजे मार्जारकुळाला धोका आहे हे उघड आहे.

आता प्रश्न असा होईल : या गावांतल्या मांजरांच्या रक्तात सार्स-कोव्ह-२ विरुद्धची प्रतिपिंडं सापडतात का? आरटी-पीसीआर फक्त चालू लागण दाखवते, जुनी लागण प्रतिपिंडांवरून कळते. मांजरांच्या स्वतःच्या कोरोनामुळे चाचणी फसू नये म्हणून २०२० च्या आधीचे साठवलेले नमुने तुलनेला घ्या आणि न्यूट्रलायझेशन चाचणीने खात्री करा. घरात कोविड झाला होता का, हेही विचारा. मालकाची संमती आणि नैतिक समितीची परवानगी आधी, सुई नंतर. सल्ल्यासाठी अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था जवळच आहे.

निष्कर्ष लिहिताना शब्द जपून वापरा. आजारी माणसाने मांजराला जवळ घेऊ नये, हात धुवावेत, एवढा सल्ला पुराव्यात बसतो. मांजर घराबाहेर सोडून द्या, हा सल्ला वरच्या चारपैकी एकाही उत्तरातून निघत नाही.