किर्लिया गेल्यावर

पोकेमॉनच्या कार्डावर खाली डाव्या कोपऱ्यात बारीकशा चौकटीत एक अक्षर छापलेलं असतं. चित्राच्या झगमगाटात ते सहसा नजरेत भरत नाही. मार्च उजाडला की मात्र स्पर्धेत उतरणारा खेळाडू आधी तेच बघतो. डेकमधली साठ कार्डं टेबलावर पसरायची, कोपरे वाचत जायचं आणि त्या वर्षी बाद होणाऱ्या अक्षराच्या कार्डांची चवड बाजूला रचायची. २०२५ साली ते अक्षर एफ होतं. ११ एप्रिलपासून ‘स्टँडर्ड’ स्पर्धांत जी, एच आणि आय एवढीच अक्षरं चालणार होती. आदल्या वर्षी ५ एप्रिलला ई गेलं होतं, त्याच्या आदल्या वर्षी डी.

चवडीतलं प्रत्येक कार्ड जातंच असं नाही. अल्ट्रा बॉलसारखं कार्ड नव्या अक्षरासह पुन्हा छापलं गेलं असेल, तर त्याच नावाची आणि त्याच मजकुराची जुनी प्रतही चालते. त्यामुळे नवखा खेळाडू अक्षरापाशी थांबतो, मुरलेला नावही तपासतो.

काही डेक या फेऱ्यात मुळासकट जातात. लुगिया व्हीस्टार आणि त्याला ऊर्जा पुरवणारा आर्किओप्स, दोघांवरही एफ. तिथे विचार करायला काही उरलंच नाही. कस लागतो तो अर्धवट तुटलेल्या डेकशी झुंजताना, आणि त्या वर्षी अशी झुंज गार्डेव्हॉर ईएक्स खेळणाऱ्यांच्या वाट्याला आली.

गार्डेव्हॉरवर जी होतं, म्हणून ती राहिली. तिची खुबी अशी, की टाकलेल्या कार्डांच्या ढिगातली सायकिक ऊर्जा उचलून एका पाळीत हवी तितक्या वेळा आपल्या सायकिक पोकेमॉनना जोडता येते. दर वेळी त्या पोकेमॉनला वीस इजा सोसावी लागते. म्हणजे ऊर्जा हातात असून भागत नाही, ती आधी ढिगात पडली पाहिजे. हे काम किर्लिया करायची. किर्लिया ही गार्डेव्हॉरच्या आधीची पायरी. हातातलं एक कार्ड टाका आणि दोन ओढा, ही तिची ‘रिफाइनमेंट’. ऊर्जा ढिगात जायची, हातही भरायचा, आणि मैदानात दोन किर्लिया असल्या तर हे दोनदा व्हायचं. त्या किर्लियावर एफ होतं. ऊर्जा टाकून दोन कार्डं ओढणारा रेडियंट ग्रेनिंजाही तिच्यासोबत गेला.

जी अक्षराची दुसरी किर्लिया होती, पण तिच्याकडे ही खुबी नव्हती. ती निव्वळ पायरी.

एफ बाद झालं त्याच दिवशी ‘जर्नी टुगेदर’ हा नवा संच स्पर्धेत आला, आणि त्यातल्या एन्स झोरोआर्क ईएक्सवर तीच अदलाबदल छापलेली होती: एक टाका, दोन ओढा. मग तोच का घेऊ नये? कारण राखीव पोकेमॉनच्या बाकावर जागा पाचच. झोरोआर्कसाठी आधी झोरुआ बसवावा लागतो, आणि झोरोआर्क पडला तर समोरच्याला एकाऐवजी दोन बक्षीस-कार्डं मिळतात. किर्लियाला वेगळी जागा लागत नव्हती, कारण ती पुढे गार्डेव्हॉरच होणार होती. खुबीच्या मजकुरात न लिहिलेला हा फरक शेकडो डाव खेळलेल्या माणसाला लगेच जाणवतो, आणि अशा फेऱ्यातली मेहनत इथेच पणाला लागते.

मग खेळाडू सुटे भाग जुळवू लागतो. अर्थन व्हेसलने एक कार्ड टाकून दोन ऊर्जा शोधता येतात, त्या पुढे ढिगात न्यायच्या. प्रोफेसर्स रिसर्चने अख्खा हात टाकून सात कार्डं ओढायची, पण असं सहायक कार्ड पाळीत एकदाच खेळता येतं. मंकीडोरी मात्र कामाचा ठरतो. त्याच्यावर अंधार-ऊर्जा असली, की आपल्या पोकेमॉनला झालेली तीसपर्यंत इजा तो समोरच्याच्या अंगावर सरकवतो. गार्डेव्हॉरने स्वतःच्या माणसांना केलेली जखमही त्याच्या हाती शस्त्र होते. कार्डं पिसायची, सात ओढायची, दोन पाळ्यांत गार्डेव्हॉर उभी राहते का बघायचं, नाही राहिली तर एक कार्ड बदलून पुन्हा पिसायची.

ऑगस्टमध्ये अनाहाइमला जागतिक स्पर्धा झाली ती जी, एच आणि आय याच तीन अक्षरांवर, आणि तिथल्या टेबलांवर गार्डेव्हॉर होती.